काळ्या पट्ट्यांसकट

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या काकीवर. कधी, तर दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सभेत. कुठे, तर कांदिवलीत, आमच्या बैठ्या चाळीत, तिच्या स्वतःच्या दारात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे टीव्ही येईल, डिस्क येतील, कॉम्प्युटर येईल, आणि त्या भानगडीत काकी मागे पडेल. ती एकदा पडली आहे मागे. पुन्हा नको.

चाळ पाडून टॉवर होणार आहे. तोवर सगळ्यांनी गोवंडीला बिल्डरच्या एका इमारतीत राहायचं. काकीच्या वाट्याला चौथा माळा आला. त्या इमारतीची लिफ्ट मी स्वतः जाऊन पाहिली आहे. दाराला साखळी आणि आत कुणाची तरी सायकल. काकीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आधी गिरणीत होते, मग एका सोसायटीत वॉचमन. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. काकी त्यांना दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढते, रिक्षात बसवते, व्यायामाच्या दवाखान्यात नेते, परत आणते. एकटी. त्या व्यायामामुळे काका आता भिंत धरून संडासापर्यंत जाऊ लागले आहेत. चौथ्या माळ्यावर एकदा चढवले की टॉवर होईपर्यंत ते खाली यायचे नाहीत. व्यायाम बंद, मग भिंत धरणंही बंद. एवढा साधा हिशेब होता.

म्हणून काकी सभेत बोलली. मी तिथेच होते, मधल्या खुर्च्यांवर, पुरुषांच्या रांगेत, कारण भाडेकरूंच्या संघटनेची पत्रकं वाटते म्हणून मला खुर्ची मिळते. आमच्याकडे सभा गल्लीतच भरते. समोर टेबल, मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं. खुर्च्यांवर पुरुष बसतात आणि बायका आपापल्या दारात उभ्या राहतात. असा नियम कुणी केलेला नाही. आत कुकर असतो, पाणी जायची वेळ असते, आजारी माणूस असतो. सभा दारात येते, पण बाई काही दार सोडत नाही.

काकीचं दार टेबलाच्या सगळ्यात जवळ, डावीकडचं. खोली दोघांच्या नावावर, म्हणजे तिचा हक्क पक्का. ती मालवणीत बोलली, एरवी बोलते तशीच.

"माझ्या घोवाक चवथ्या माळ्यार कोण चढयतलो? तुम्ही? तळमजलो लिवन दिया, मगेच माझी सही."

लोक हसले. अध्यक्षही हसले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "देऊ, देऊ. तळमजला देऊ. लिहून घ्या हो." शेवटचं वाक्य सेक्रेटरींना होतं. सेक्रेटरी काकीच्या दाराला पाठ लावूनच बसले होते. त्यांनी मान हलवली.

पंधरा दिवसांत इतिवृत्त आलं आणि सोबत खोल्यांची पक्की वाटणी. काकी, चौथा माळा. तळमजल्याबद्दल अक्षर नाही. काकी सेक्रेटरींकडे गेली तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोललातच कुठे? अख्ख्या सभेचा व्हिडिओ आहे. बघा की."

व्हिडिओ म्हणजे ग्रुपवर टाकलेली एक लिंक. काकीकडे बटणांचा फोन. चाळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं तेच. मग ओरड झाली म्हणून समितीने स्टेशनजवळच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून डीव्हीडी करून घेतल्या आणि घरोघरी वाटल्या. आमच्या चाळीत डीव्हीडी प्लेअर नाही असं घर शोधावं लागेल. गावची जत्रा, दशावतार, पोरांची लग्नं, सगळं डिस्कवर. तो प्लेअर टीव्हीखाली विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असतो आणि अजून चालतो. लिंक तोवर बंद पडली होती.

डिस्क आम्ही काकीच्या घरी लावली. काकांच्या पायाशी मी, चुलीजवळ काकी, समोर तिचा जुना डबा टीव्ही. चित्र टीव्हीभर झकास आलं. अध्यक्ष, टेबल, खुर्च्या, मी, माझ्या हातातली पत्रकं. मग काकीचा आवाज आला, जरा लांबून. लोक हसले. अध्यक्षांनी मान वळवून टीव्हीच्या कडेकडे बघितलं आणि म्हणाले, "देऊ, देऊ."

काकी पुढे सरकली. "ह्यो कोणाशी बोलता?"

"तुझ्याशी, काकी."

"मगे मी खंय गेलंय?"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. अध्यक्ष बघतात तिथे टीव्हीची प्लॅस्टिकची कड. काकी नाही, तिचं दार नाही, दाराचा निळा पडदा नाही. काकांनी चांगला हात उचलून टीव्हीच्या बाहेर, भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कॅलेंडर होतं.

डिस्क घेऊन मी समितीच्या खोलीत गेले. अध्यक्ष चहा पीत होते. मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून अगं-तुगं.

"ऐकलंत ना आवाज?" मी विचारलं.

"आवाज कुणाचाही असेल गं. अर्धी चाळ मालवणी बोलते. पाहुणी असेल कुणी."

"आणि तुम्ही 'तळमजला देऊ' कुणाला म्हणालात? पाहुणीला?"

"तो पुढे बसलेला नाही का, तो तळमजल्याचा नकाशा मागत होता. नकाशा देऊ म्हटलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "हे बघ, दिसतंय त्यावर बोल. वहिनी दिसतात का त्यात? नाही ना?"

"मी होते तिथे. मी सांगते ना."

"तुझे वडील सभासद आहेत, तू नाहीस. आणि तू तर काय, रोज एक पत्रक काढतेस."

सेक्रेटरी बाजूला फाईलमध्ये तोंड घालून बसले होते. मी त्यांना सरळ विचारलं, "तुमची पाठ तिच्या दाराला होती. तुम्ही सांगा." ते म्हणाले, "मला आठवत नाही." हे वाक्य मी विसरणार नाही. न आठवणाऱ्या माणसाला इतिवृत्त लिहायला बसवतात आमच्याकडे.

शेवटी अध्यक्षांनीच अट घातली. येत्या रविवारी सभेत इतिवृत्त मंजूर होणार. त्याआधी पुरावा असेल तर आणा. पण मोबाईलवर नाही, मोबाईलवर हल्ली कुणाच्याही तोंडात काहीही घालतात. संस्थेच्या टीव्हीवर, संस्थेच्या प्लेअरमध्ये, सगळ्यांसमोर. मंजूर झालं की विषय संपला, आणि पुढच्या महिन्यात सामान न्यायला ट्रक.

मला वाटत होतं, हा कट आहे. पत्रक लिहायला कट बरा पडतो, मथळा आपोआप सुचतो. काकीला घेऊन मी त्या शूटिंगवाल्याच्या दुकानात गेले आणि डिस्क काउंटरवर आपटली. "हिला कापायचे किती घेतलेत?"

तो घाबरला नाही, नुसता वैतागला. "कुणाला कापलं? मॅडम, सभा मोबाईलवर घेतलेली, स्टँड लावून. मोबाईलचं चित्र रुंद. तुमचे टीव्ही चौकोनी. रुंद चित्र चौकोनात बसवायचं तर दोनच रस्ते. एक, लहान करायचं, मग वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. नाहीतर दोन्ही कडा कापायच्या, मग टीव्ही भरतो."

"मग पट्ट्या का नाही ठेवल्या?"

"लोक परत आणतात! लग्नाची डीव्हीडी दिली की दुसऱ्या दिवशी हजर, टीव्ही अर्धा काळा का, पैसे परत द्या. म्हणून मी भरूनच देतो, सगळ्यांना. लग्नात कडेला कोण असतं? केटररची माणसं."

काकी त्याच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत होती. त्याने बोलता बोलता मूळ फाईल उघडली होती. रुंद चित्र. दोन्ही बाजूंची दारं. डावीकडे निळा पडदा, पडद्यापुढे काकी, तिच्यामागे दारातून दिसणारं खाटेचं टोक आणि काकांचं पाऊल.

"ही मी," ती म्हणाली. मग उजवीकडे बोट नेलं. "ही समोरची. ही तिची सून. ही पलीकडची पिठवाली. सगळ्यो आसत गो."

सगळ्या होत्या. दोन्ही कडांना, दारादारात, उभ्या.

तेव्हा मला कळलं आणि माझा संताप वेगळ्या जागी गेला. कट नव्हता, त्याहून वाईट होतं. ही डिस्क घरोघरी लागली होती. चाळीतली निम्मी माणसं चित्रातून गेली होती आणि कुणालाही काही कमी वाटलं नव्हतं. पुरुषांना नाही, ठीक आहे. बायकांनाही नाही. माझ्या आईनेही ती बघितली होती आणि म्हणाली होती, "तुझे बाबा छान आलेत हां." ती स्वतः कुठे आहे असं तिने विचारलंच नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं, त्यांनी ती रिकामी कड पुरावा म्हणून आमच्यापुढे धरली.

दुकानदार पट्ट्या ठेवून नवी डिस्क करायला तयार होईना. समिती त्याची रोजची गिऱ्हाईक. काकीने त्याला काही विनवलं नाही. विचारलं, "तुझी आवस लग्नात खंय उभी होती रे?" आईचं नाव निघताच तो स्क्रीनकडे वळला. मग पेन ड्राइव्हवर मूळ फाईल टाकून दिली. "डिस्क तुम्ही करा. माझं नाव नको."

तर मी करायला बसले. माझ्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नाही, म्हणून मुलुंडच्या मामेभावाकडून बाहेरून जोडायचा रायटर आणला. कोऱ्या डिस्क मिळेनात. तीन दुकानांत लोक मला बघून हसले, चौथ्याने फळीच्या मागून थोड्या काढून दिल्या, धूळ पुसून.

पहिल्या डिस्कवर मी फाईल जशीच्या तशी टाकली. काकीच्या प्लेअरने ती गरगर फिरवली आणि चुकीची डिस्क म्हणून बाहेर ढकलली. हा प्लेअर जुन्या वळणाचा, मोबाईलची फाईल त्याला कळतच नाही. आधी तिचं डीव्हीडीच्या व्हिडिओत रूपांतर करायचं, आपल्याकडच्या टीव्हीला चालणाऱ्या मापात, मग ठरावीक फोल्डर करून डिस्कवर उतरवायचं. सॉफ्टवेअर फुकटातलं, लॅपटॉप जुना. स्क्रीनवरची पट्टी एकेक टक्का सरकते आणि पंखा किंचाळतो.

दुसरी डिस्क चालली. पण रुंद चित्र चौकोनात कोंबलं गेलं होतं. सगळे बांबूसारखे उंच, अध्यक्षांचं पोट गायब.

"ह्यो उपाशी रवलो काय?" काकी म्हणाली. काका खळखळून हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. मला हसू आलं नाही. असं चित्र सभेत लावलं असतं तर सगळे हसून घरी गेले असते आणि इतिवृत्त मंजूर.

तिसरी करताना मी पट्ट्या ठेवायचं आणि प्रमाण न बिघडवायचं नीट निवडलं. चित्र बरोबर आलं. मी उठून टाळी देणार, तेवढ्यात काकी म्हणाली, "माझा तोंड आधी हलता, आवाज मागसून येता."

खरं होतं. सुरुवातीला फरक कळत नव्हता, पण काकी बोलते तिथवर येईपर्यंत आवाज चांगलाच मागे पडला होता. ओठ मिटलेले आणि आवाज चालू. म्हणजे त्यांना हवं तेच. बघा, म्हणतील, आवाज वरून घातलाय. उद्या सभा. हातात शेवटची कोरी डिस्क.

शोधलं तेव्हा कळलं की मोबाईल चित्रं एका ठेक्यात घेत नाही, कधी जास्त, कधी कमी. डीव्हीडीला मात्र सेकंदाला पंचवीस लागतात, बांधलेली. आधी मूळ फाईलचा ठेका पंचविसावर बांधून घ्यायचा, मग पुढचं सगळं. तसं केलं. डिस्कवर उतरवण्याआधी लॅपटॉपवर काकीचं बोलणं लावून ओठांकडे बघत बसले. "घोवाक", ओठ गोल. "तळमजलो", जीभ दाताला. जुळलं. मग शेवटची डिस्क कप्प्यात टाकली आणि घरात सगळ्यांना सांगितलं, मिक्सर लावू नका, फ्यूज गेला तर वाट लागेल. डिस्क उतरली. काकीच्या प्लेअरवर चालली. संस्थेच्या प्लेअरवर चालेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

रविवारी टेबलावर संस्थेचा टीव्ही आणून ठेवला. तोही डबाच. खुर्च्या भरल्या. बायका दारात. काकी आपल्या उंबऱ्यावर, मागे खाटेवर काका. मी डिस्क घातली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. टीव्ही नुसता निळा.

"बाई गं, देवाचं नाव घे," मागून कुणीतरी म्हणालं. हशा.

"डिस्क घरी केलेली आहे ना," सेक्रेटरी म्हणाले. "असल्या नाही चालत. अध्यक्ष, पुढचा विषय घेऊ या?"

तेवढ्यात चित्र आलं. लहान, वर-खाली जाड काळ्या पट्ट्या, पण पूर्ण. मी ते काकी बोलते तिथे नेऊ लागले, तोच एक गृहस्थ ओरडले, "अरे, अर्धा टीव्ही काळा! मोठं करा की, काय दिसतंय त्यात?" आणि सेक्रेटरींनी रिमोट उचलून झूमचं बटण दाबलं. चित्र टीव्हीभर झालं. दोन्ही कडांची दारं बाहेर गेली. काकीही गेली. आवाज आला, "माझ्या घोवाक..." आणि अध्यक्ष पुन्हा प्लॅस्टिकच्या कडेला "देऊ" म्हणाले.

"दिसतात का वहिनी?" अध्यक्षांनी सभेला विचारलं. "आहेत का?"

माझा आवाज फाटला. "झूम काढा! तो झूम काढा आधी!"

"ओरडू नकोस गं, सभा आहे ही."

आणि मग काकीने उंबरा ओलांडला. मी तिला सभेच्या वेळी दार सोडताना कधी पाहिलं नव्हतं. दोन खुर्च्यांमधून ती आली, सेक्रेटरींच्या हातातून रिमोट घेतला आणि माझ्याकडे दिला. टीव्हीच्या शेजारी उभी राहिली, पदर खोचून. म्हणाली, "काळो ऱ्हवांदे. लाव."

मी झूम काढला. मागे नेलं. पट्ट्या आल्या आणि पट्ट्यांच्या मध्ये ती आली. निळा पडदा, खाटेचं टोक, पाऊल. आवाज आणि ओठ एकत्र. अध्यक्षांची मान वळली, ती थेट तिच्याकडे. "देऊ, देऊ. तळमजला देऊ. लिहून घ्या हो." चित्राच्या कोपऱ्यात सेक्रेटरींची मान हलली.

मग समोरच्या दारातून आवाज आला, "अगो, ती मी ना? मोरीच्या बाजूची?" "आणि ही माझी सून." "पुन्हा लाव गं, मी कुठे आहे बघू दे." माझी आई दारातून दोन पावलं पुढे आली होती. बायका टीव्हीकडे सरकायला लागल्या आणि खुर्च्यांवरच्या पुरुषांना पाय आत घ्यावे लागले.

अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी गडबडीत राहून गेलं असेल."

काकी म्हणाली, "आज गडबड नाय. लिवा."

सेक्रेटरींनी लिहिलं. मी मोठ्याने वाचून घेतलं, काकीचं पूर्ण नाव, तळमजला, अध्यक्षांचा शब्द. मगच मंजूर झालं. बिल्डरची सही अजून व्हायची आहे. म्हणून ही डिस्क काकीच्या घरी आहे, प्लेअरवरच्या रुमालाखाली, आणि सही झाल्याशिवाय ट्रकमध्ये सामान चढणार नाही. काका रोज एकदा ती लावायला सांगतात. आपलं पाऊल दिसलं की बोट दाखवतात.

आता तुम्ही. तुमच्या चाळीत, सोसायटीत सभेचा व्हिडिओ वाटला असेल तर आज काढा आणि लावा. चित्र टीव्हीभर आलं तर खूश होऊ नका. दारं शोधा. दारं नसतील तर समितीकडे जा आणि पूर्ण चित्र मागा, काळ्या पट्ट्यांसकट. आणि पुढच्या सभेत दारात उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचं म्हणणं तिच्या नावानिशी लिहून, वाचून झाल्याशिवाय "मंजूर" म्हणायला तोंड उघडू नका.